दिवसाचा मेळ

नोव्हेंबर २०१६ मधील एक रात्र. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एका बँकेचे रोखपाल गाढ झोपले होते; परंतु त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पांघरुणाची कड एकसारखी चाळवीत होती. पत्नीने दोन रात्री दुर्लक्ष केले. तिसऱ्या रात्री मात्र त्यांना हलवून उठविले. "अहो, झोपेतही नोटा मोजता आहात." रोखपालांनी कूस बदलली. "काही नाही. झोप तू."

त्या 'काही नाही'मध्ये अठरा हजार रुपये दडलेले होते.

८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजार रुपयांच्या नोटा बाद झाल्याची घोषणा झाली. ९ तारखेला बँका ग्राहकांसाठी बंद राहिल्या आणि १० तारखेपासून देशभरातील शाखांसमोर रांगा लागल्या. पहिल्या शनिवारी-रविवारीही खिडक्या उघड्या होत्या. नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी माणशी चार हजार, नंतर साडेचार हजार, मग दोन हजार झाली आणि २४ नोव्हेंबरनंतर ती सोयच थांबली. नियम बदलला की परिपत्रक येई. रांगेतल्या माणसाला परिपत्रक ठाऊक नसे. त्याचा राग मात्र खिडकीतल्या माणसाला पुरता ठाऊक होई. त्यात दोन हजारांची नवी नोट कोरी आणि गुळगुळीत. घाईत एकीला दुसरी चिकटून गेली तरी बोटांना कळत नसे.

शनिवारी, १२ तारखेला, रात्री रोकड मोजली तेव्हा दोन हजारांच्या नऊ नोटा कमी भरल्या. पुन्हा मोजले. व्हाउचरे तपासली, कॅमेऱ्याचे चित्रण अकरा वाजेपर्यंत पाहिले. नोटा मिळाल्या नाहीत. बँकेतील रिवाज सर्वांना माहीत असतो: रोकड जास्त भरली तर ती वेगळ्या खात्यात जमा करावयाची आणि कमी भरली तर रोखपालाने आपल्या खिशातून भरावयाची. त्यांनी एका सहकाऱ्याकडून उसने घेऊन त्याच रात्री रक्कम भरली. बँकेचा मेळ लागला. त्यांचा स्वतःचा मात्र त्या रात्रीपासून बिघडला.

घरी त्यांनी अवाक्षर काढले नाही. पत्नीला काळजी नको, आईचे वय झालेले, मुलगा बारावीत. कारणे सगळी चांगलीच होती. तणावाची गोष्ट लपविणारी माणसे बहुधा चांगल्याच कारणांसाठी ती लपवितात. त्याचे परिणाम मात्र शरीर लपवीत नाही.

'स्ट्रेस' हा शब्द मुळात पदार्थविज्ञानातला. धातूच्या पट्टीवर पडणाऱ्या ताणाचा. शरीराच्या संदर्भात तो रूढ केला हान्स सेली या संशोधकाने. १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. त्यामागचे प्रयोग उंदरांवरचे होते आणि अहिंसा मानणाऱ्या वाचकाला ते वाचवणार नाहीत. निष्कर्ष मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. आघात कोणताही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा एकाच वळणाचा असतो. आधी धोक्याची घंटा वाजते, मग प्रतिकार सुरू होतो आणि आघात थांबलाच नाही तर शेवटी थकवा येतो. घंटा वाजली की हृदयाची गती वाढते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर सोडली जाते, पचन मंदावते. वाघ समोर असेल तर हे सारे उपयोगाचे आहे. नऊ नोटांचा वाघ मात्र रात्री उशाशी येऊन बसतो आणि सकाळी शाखेत सोबत येतो. घंटा वाजतच राहते.

बँकेच्या तिजोरीला दुहेरी कुलूप असते. एक किल्ली रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय ती उघडत नाही आणि बंदही होत नाही. नवा कर्मचारी हा नियम अविश्वासाचा समजतो. त्याची दुसरी बाजू कळावयास काही वर्षे जावी लागतात: एवढ्या मोठ्या रकमेचा भार कोणा एकट्याच्या शिरावर राहू नये, हाही त्यात हेतू आहे. आयुष्यभर हा नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या त्या गृहस्थांनी आपली काळजी मात्र एका कुलपात ठेवली होती आणि किल्ली कोणालाच दिली नव्हती.

ते कुलूप उघडले आईने, आणि तेही एका डब्यामुळे. घरात रात्रिभोजनाचा त्याग. सूर्य मावळण्याआधी शाखेतच डबा खावयाचा, ही त्यांची अनेक वर्षांची सवय. त्या दिवसांत खिडकीवरून उठणेच होत नसे. डबा भरलेला परत येई आणि अंधार पडल्यावर ते काही घेत नसत. चार-पाच दिवस आई गप्प राहिली. मग एका संध्याकाळी, सामायिक आटोपून आसन गुंडाळता गुंडाळता, तिने विचारले, "अरे, मेळ लागत नाही का तुझा?"

तिला कोणी काहीच सांगितलेले नव्हते. परंतु ती वाण्याच्या घरची लेक. लहानपणी वडिलांच्या दुकानात दिवेलागणीआधी रोजकीर्द लिहिली जाई. "आमच्या दादांना मेळ लागला नाही की ते असेच ताटावरून उठत. आणि आमची आई चेहरा बघूनच विचारायची, किती?" मुलगा क्षणभर थांबला. मग आकडा सांगितला. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या भिशीच्या पैशांतून सहकाऱ्याचे पैसे फिटले.

येथे गोष्ट सुखान्त करण्याचा मोह होतो. पण तसे घडले नाही. अठरा हजार गेले ते गेलेच. झोपेत बोटे चालणेही लगेच थांबले नाही. ३० डिसेंबरला जुन्या नोटा भरण्याची मुदत संपेपर्यंत ते अधूनमधून होतच राहिले. फरक एवढाच पडला की पत्नी आता त्यांना जागे करीत नसे, त्यांच्या हातावर आपला हात ठेवीत असे. रोखपालांच्या सांगण्यानुसार रक्कम सापडण्याची आशा सोडल्यानंतर नव्हे, तर ती बोलून दाखविल्यानंतर त्यांना पहिल्यांदा भूक लागली.

कामाचा बोजा हेच तणावाचे कारण, असे सर्रास मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. लंडनमधील सरकारी कार्यालयांत काम करणाऱ्या हजारो पुरुषांची पाहणी १९६७ पासून सुरू झाली. ती 'व्हाइटहॉल' या नावाने ओळखली जाते. हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण मोठ्या जबाबदारीच्या साहेबांत अधिक असेल, अशी सर्वसाधारण समजूत. आढळले उलटेच. सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांत ते वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे वजा केली तरी फरक पुरता मिटत नव्हता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत स्त्रियांचाही समावेश झाला. तीत एक धागा ठळक दिसला: आपल्या कामावर आपला ताबा किती, या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे देणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. काम पुष्कळ आणि त्यात आपले काही चालत नाही, ही जोडी माणसाला खाते. नोटाबंदीतील रोखपालाचे याहून अचूक वर्णन कोणते करावे? नियम त्याचा नव्हता, नोटा त्याच्या नव्हत्या, रांग त्याने लावली नव्हती. तूट तेवढी त्याची होती.

तरीही जुन्या रोखपालाला एक भाग्य लाभले होते, ते म्हणजे दिवसाची अखेर. आरंभीची शिल्लक, जमा, नावे, अखेरची शिल्लक; तिजोरी बंद झाली की दिवस संपला. जे जुळले नाही ते उचंत खात्यात टाकावयाचे. तेथे ते विसरले जात नाही, पण दुसऱ्या दिवशीचे काम अडवूनही धरीत नाही. प्रतिक्रमण करणाऱ्या घरांना ही मांडणी परकी वाटणार नाही. दिवसाअखेर देवसी, पंधरवड्याने पाक्षिक, मग चातुर्मासिक आणि शेवटी सांवत्सरिक. दिवसाचे ओझे वर्षाखेरीपर्यंत साठू न देण्याची ही शिस्त ज्यांनी घालून दिली, त्यांना मनाचा हिशेब चांगला कळत असावा.

आजच्या नोकरीत नेमकी ही अखेरच नाहीशी झाली आहे. रोकड कमी झाली; पण विमा किती विकला, खाती किती उघडली, याची विचारणा रात्री दहा वाजता व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहावर येते. निळी खूण उमटली की उत्तर देणे आले. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कातून मोकळे राहण्याच्या हक्काची तरतूद १ जानेवारी २०१७ पासून कायद्याने लागू झाली. आपल्याकडे २०१८ साली खासदार सुप्रिया सुळे यांनी अशा हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते; त्याचा कायदा झाला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. घरी बसून दिलेली उत्तरे बहुधा कोणी या तासांत मोजीतही नसेल.

बँकांत एक चमत्कारिक अपवाद आहे. संवेदनशील जागांवरील कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, किमान दहा कामकाजाच्या दिवसांच्या सक्तीच्या रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्या काळात त्याने कार्यालयीन कामापासून दूरच राहावयाचे. हेतू गैरव्यवहार उघडकीस यावेत हा. माणसाला विसावा मिळावा हा नव्हे. परंतु अशा रजेवरून परतलेल्याच्या चेहऱ्यावरील तजेला पाहिला की वाटते, ही सक्ती संशयापोटी नव्हे, मायेपोटी सर्वच कार्यालयांत असावयास हवी होती.

आणि घरातील स्त्रीचे काय? तिच्या दिवसाला अखेर पूर्वीही नव्हती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ मधील पाहणीनुसार बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. अशा स्त्रीला 'थोडे ध्यान करीत जा' असे सांगणे म्हणजे तिच्या यादीत आणखी एक काम वाढविणे होय. तिच्या सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे खरोखर तिची राहावयाची असतील, तर तेवढ्या वेळात गॅसवरचे दूध दुसऱ्या कोणीतरी पाहिले पाहिजे. तिच्या बाबतीत हा उपाय पोथीत नसून स्वयंपाकघरात आहे.

झोपेपूर्वी उचंत खाते लिहिण्याची युक्ती मात्र कोणालाही जमण्यासारखी आहे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात ५७ तरुणांपैकी काहींना निजण्यापूर्वी पाच मिनिटे उरलेल्या कामांची यादी लिहावयास सांगितली, इतरांना झालेल्या कामांची. उरलेली कामे लिहिणारे सरासरी नऊ मिनिटे लवकर झोपी गेले. प्रयोग लहान आहे, त्यावर मोठी इमारत उभारू नये; पण वही-पेन्सिलीचा खर्च तो काय! अर्थात झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर वही पुरणार नाही, डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

मे २०२३ मध्ये दोन हजारांच्या त्याच नोटा चलनातून मागे घेण्याचा निर्णय झाला आणि २३ तारखेपासून त्या बदलून मिळू लागल्या. रोखपाल आता त्या शाखेत ज्येष्ठ झाले होते आणि खिडकीवर नुकतीच रुजू झालेली एक मुलगी बसत असे. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिची रोकड कमी भरली. ती तिसऱ्यांदा मोजावयास बसली. बोटे थरथरत होती. रोखपालांनी बाजूचे स्टूल ओढले, तिच्या पुढ्यातील अर्ध्या नोटा आपल्याकडे घेतल्या आणि म्हणाले, "आधी घरी फोन करा. उशीर होईल म्हणून सांगा, आणि का होईल तेही सांगा. मग मोजू दोघे."