एकतिसाव्या दिवसाची काळजी

फणसवाडीतून काळबादेवी ओलांडून मोहम्मद अली रोडला पायी जाता येतं. वाडीत व्यंकटेशाचं देऊळ, तिकडे मिनारा मशिदीभोवती इफ्तारची गर्दी. दोन्ही मोहल्ल्यांचे सण वेगळे, पण दारू पिणाऱ्या घरांची एक आशा सारखीच असते. इकडे श्रावण लागला की बाटली बंद होते, ती गणपती विसर्जनापर्यंत. तिकडे रमजानचा चाँद दिसला की बंद. इस्लाममध्ये दारू बाराही महिने निषिद्ध आहे, तरी काही जण ती सोडतात या एका महिन्यापुरतीच. घरातल्या बाईला वाटतं, सुटली एकदाची! आणि ईद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास दारात येतो.

महिनाभर सोडता येते, मग पुढे का नाही? 'मनच कमकुवत' म्हणून आपण मोकळे होतो. पण व्यसन हा आजार आहे. दारू थांबली तरी मेंदूला लागलेली सवय महिन्याभरात पुसली जात नाही. व्यसनमुक्तीचं काम करणारे चार धोके नेहमी सांगतात : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. यातलं काहीही वाढलं की तलफ डोकं वर काढते.

रमजानमध्ये यातले तीन धोके तर रोजच समोर असतात. दिवसभर पोटात काही नाही, दुपारनंतर चिडचिड, सहेरीसाठी झोपमोड. तरीही माणूस टिकतो, कारण चौथा धोका जवळपास नसतो. तो एकटा नसतो. पहाटे कुणीतरी उठवतं, संध्याकाळी दहा जणांबरोबर खजूर तोंडात जातो, रात्री तरावीहच्या नमाजमध्ये खांद्याला खांदा असतो. दिवसाचा प्रत्येक तास बांधलेला असतो. ईदनंतर हे वेळापत्रक आणि ही सोबत एका रात्रीत संपते. वर हातात ईदी किंवा बोनसची रोकड असते आणि जुने मित्र गळाभेटीला येतात. खरी परीक्षा त्या दिवशी सुरू होते.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. तिथला निवासी उपचारही साधारण महिनाभराचाच. पण काम तिथे संपत नाही. घरी गेलेल्या माणसाने पाठपुराव्याला येत राहायचं असतं. पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे, कारण आजार एकट्याचा नसतो, घराचा असतो. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झालेली 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' हेच करते. फी नाही, जात-धर्म विचारणं नाही; दारू सोडायची इच्छा एवढीच अट. जन्मभराची शपथ घ्यायची नाही, फक्त आजचा दिवस सांभाळायचा. रोजेदाराला हा हिशेब लगेच कळेल, कारण तोही तीस रोजे एकदम ठेवत नाही, एकेक ठेवतो.

म्हणून ईदनंतरच्या दिवसांची तयारी रमजानमध्येच करावी. चाँदरात कुठे, कुणाबरोबर घालवायची ते आधी ठरवा. हातात रोकड नको, ती घरच्यांकडे द्या. पहाटे उठण्याची वेळ बदलू नका. संध्याकाळचा जो तास इफ्तारला जात होता, त्यात गटाची सभा, चालणं किंवा एखादं काम ठेवा. ईदनंतर शव्वाल महिन्यात सहा ऐच्छिक रोजे ठेवण्याची परंपरा आहे, त्याचाही आधार होतो. तलफ आली तर ती लाटेसारखी असते. बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ जागा बदला, पाणी प्या, विश्वासातल्या माणसाला फोन लावा.

आणि पाय घसरलाच तर? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी याचा बारकाईने अभ्यास केला. एक घोट माणसाला जेवढा बुडवत नाही, तेवढा 'आता सगळंच संपलं' हा विचार बुडवतो, असं त्यांना दिसलं. शरमेने तोंड लपवण्यापेक्षा त्याच दिवशी समुपदेशकाकडे जावं. घरच्यांनीही जुना पाढा वाचू नये.

काही गोष्टी मात्र जिवाशी संबंधित आहेत. रोज भरपूर पिणाऱ्याने पहिल्या रोजाला एकदम बंद केली, तर दोन-तीन दिवसांत थरथर, फिट, भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या चालू असतील तर रोजासाठी त्या परस्पर बंद करू नका. अनेक औषधांच्या वेळा डॉक्टर सहेरी-इफ्तारला जुळवून देऊ शकतात, आणि आजारी माणसाला रोजातून सवलत आहेच. गर्द सोडलेल्याचं शरीर महिन्याभरानंतर जुनी मात्रा पेलू शकत नाही. 'ईद आहे, एकदाच' म्हणून पूर्वीइतकी घेतली तर श्वास थांबून मृत्यू येतो.

वाडीतल्या, मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यांसाठीही यात काम आहे. सोडलेल्या माणसाला 'एका पेगने काय होतं?' म्हणू नका. 'बघू किती दिवस टिकतो' हेही नको. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. नंबर जिन्यातल्या फलकावर लिहून ठेवा. ईदच्या दिवशी शीरखुर्मा खायला सगळेच येतात. त्या घरी ईदनंतरच्या आठवड्यातही जा, काही निमित्त नसलं तरी. चहा घ्या, बसा. त्या माणसाला तेव्हा सोबतीची गरज जास्त असते.