साप मारून आणू नका, माणूस लवकर आणा

मांत्रिकाकडे नेलेले बरेच जण बरे होतात, हे आधी मान्य करू; त्याचा दबदबा त्यावरच तर उभा आहे. पण धामण, दिवड, तस्कर हे बिनविषारी साप. त्यांच्या दंशाने माणूस मरत नाही. नाग-घोणशीसारखे विषारी सापही कधीकधी नुसते चावतात, विष सोडत नाहीत. अशा वेळी मंत्र म्हटला काय, न म्हटला काय!

खरी परीक्षा मण्यारीची. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. दात इतके बारीक की खूण शोधूनही सापडत नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात कळा येतात, घरचे ओवा चावायला देतात. मग पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, शेवटी श्वास अडतो. ‘चावलं असतं तर दुखलं असतं’ हा समज इथे जीव घेतो. पावसाळ्यात मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपलं, तरी हा धोका बराच टळतो.

घट्ट दोरी बांधून विष अडत नाही, उलट हात किंवा पाय गमवायची पाळी येते. चिरा मारून रक्त काढणं त्याहून वाईट, कारण घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठायचंच थांबतं. डॉक्टर थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत 20 मिनिटं ठेवतात. नळी कलती केल्यावर ते पातळच वाहिलं, की काय ते कळतं.

साप मारून दाखवायला न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं. घोड्यांना विषाचे थोडेथोडे डोस देऊन त्यांच्या रक्तापासून ते बनवतात. त्याची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ते दवाखान्यातच घ्यायचं. लहान मुलालाही डोस मोठ्या माणसाएवढाच लागतो; मूल आहे म्हणून सापाने विष कमी सोडलेलं नसतं.

2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, बहुतेक खेड्यापाड्यांतली.

तेव्हा बांगड्या, अंगठी, जोडवी काढा. चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि 108 ला फोन लावा. सरकारी रुग्णालयात प्रतिविष मोफत मिळतं.