रंधा थांबला की ऐकू येतो तो रेडिओ

सुताराच्या दुकानात रेडिओची जागा ठरलेली असते. खिळ्यांच्या डब्यांवरची फळी, तिच्या कडेला जरा कलंडलेला, अंगावर भुशाचा पिवळसर थर. फक्त आवाजाच्या बटणाभोवती बोटांनी पुसून निघालेला स्वच्छ गोल. आता त्या फळीवर बहुतेक ठिकाणी ब्लूटूथ स्पीकर आला आहे, भुसा मात्र तोच. सकाळी शटर वर गेले की आधी उदबत्ती, मग गाणी. पहिली प्लायची शीट कटरवर चढते आणि गाणे नाहीसे होते. वाजत असते, पण कोणाला ऐकू येत नाही. पाते थांबते तेव्हा अंतरा होऊन गेलेला असतो आणि कोणीतरी दंतमंजनाची जाहिरात करत असते.

मग एक हात पुढे येतो आणि आवाज वाढवतो.

लाकूडकाम करताना काय ऐकावे, हा प्रश्न आवडीचा वाटतो. भीमसेन की किशोरकुमार, लावणी की भावगीत. पण दुकानात थोडा वेळ उभे राहिले की कळते, पहिला निर्णय गाण्याचा नसतोच. समोर कोणते हत्यार चालू आहे, यावर तो ठरतो.

गोल करवत, राउटर, रंधा मशीन ही मंडळी साधारण १०० डेसिबलच्या आसपास बोलतात, काही त्याहूनही वर. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची शिफारस आहे की, आठ तास काम करायचे तर कानावर सरासरी ८५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज पडू नये. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. भारतातल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल धरलेली आहे. पण गल्लीतल्या फर्निचरच्या दुकानात मोजायला कोण येतो? आता या १०० डेसिबलवर मात करून गाणे ऐकू यावे म्हणून स्पीकरही तेवढाच चढवला, तर दोन्ही मिळून १०३ होतात. आकडा किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात कानावर आदळणारी ऊर्जा दुप्पट झालेली असते आणि पंधरा मिनिटांची साडेसात.

यात एक क्रूर गंमत आहे. अशा गोंगाटाने कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी खड्डा पडतो तो ४,००० हर्ट्झच्या आसपास. स, श, त, फ यांसारख्या व्यंजनांची धार या वरच्या पट्टीत असते, टाळ-चिपळ्यांची झळाळीही तिथलीच. म्हणजे गाणे ऐकू येत राहते, ठेका कळतो, पण शब्द पुसट होतात आणि टाळ बोथट. माणसाला वाटते, हल्लीची रेकॉर्डिंगच खराब असतात. कानाच्या आतल्या ज्या केसपेशी मरतात त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत.

कानाचे दुसरे काम तर त्याहून निकडीचे. मुरलेला मिस्त्री लाकूड डोळ्यांइतकेच कानांनी कापतो. फळीत गाठ आली की पात्याचा सूर खाली उतरतो. धार गेली की तोच सूर चिरका होतो, आणि मागून जळका वास येतो. फळी मागे मिटत जाऊन पाते आवळायला लागले, तर मोटर आधी कण्हते. त्या कण्हण्याकडे लक्ष गेले नाही, तर पुढच्या क्षणी फळी उसळून अंगावर येऊ शकते. हातरंध्याचेही तसेच. रेषेच्या बाजूने चालला तर लांब, रेशमी सळसळ. उलट्या रेषेत शिरला तर खरखर, आणि हात थांबेपर्यंत पृष्ठभाग उचकटलेला. लाकूड हे असे सतत सांगत असते. गाण्याने ते सांगणे झाकले तर गाणे कितीही चांगले असो, त्या वेळी ते नडतेच.

कारखान्यात गाणी कोणती लावावीत, याचा इतका बारीक विचार सरकारी पातळीवर झाला तो दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनमध्ये. २३ जून १९४० रोजी बीबीसीने ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, आणि पुढे रात्रपाळीसाठी आणखी एक. तो १९६७ पर्यंत चालला. कार्यक्रमाची जबाबदारी असलेल्या विनफर्ड रेनल्ड्स यांनी वाद्यवृंदांसाठी नियम घालून दिले होते आणि ते आजही वाचण्यासारखे आहेत. ठेका जास्त आणि चाल कमी अशी गाणी नकोत. सुस्ती आणणारी नकोत. आवाजाची पातळी एकसारखी ठेवायची, कारण हळुवार भाग यंत्रांच्या घरघरीत बुडतो आणि कामगाराला मध्येच नुसते भोक ऐकू येते. ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ हे लोकप्रिय गाणे तर या कार्यक्रमातून हद्दपारच झाले. त्यात मध्ये टाळ्या आहेत, आणि कामगारांचे हात गुंतलेले. टाळ्यांच्या जागी ते हातातला पाना यंत्रावर हाणायचे!

त्याच काळात इंग्लंडातल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात सुतारमंडळी खुर्च्या सोडून विमानाचे भाग करत होती. ‘मॉस्किटो’ हे प्लायवुड आणि बाल्साचे लढाऊ विमान नोव्हेंबर १९४० मध्ये पहिल्यांदा उडाले आणि धातूची टंचाई असताना सुतारांच्या हातांनी मोठ्या संख्येने तयार झाले. कारखान्याचे संगीत आणि लाकूडकाम एकाच युद्धात असे शेजारी येऊन बसले.

आपल्याकडे एवढी शिस्त कोणी लावली नाही, पण रेडिओने वेळापत्रक आपोआप लावून दिले. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली ती मुळात लोक रेडिओ सिलोनकडे वळले म्हणून. माहिती व प्रसारण मंत्री बाळकृष्ण केसकर, पुण्याचेच, यांना सिनेसंगीत आकाशवाणीवर नको होते आणि श्रोत्यांना तेच हवे होते. मुंबई केंद्रावर ‘कामगार सभा’ नावाचा कार्यक्रमच होता. कितीतरी दुकानांत घड्याळ बघायची गरज पडत नसे, कोणता कार्यक्रम लागला यावरून चहाची वेळ कळायची. रेडिओचा आणखी एक गुण आजच्या प्लेलिस्टवाल्यांच्या लक्षात येत नाही. पुढचे गाणे कोणते, हे ठरवायचे काम माणसाकडे नसते. गोंद लागलेल्या, भुशाने माखलेल्या बोटांनी फोनची काच सरकवत बसण्यापेक्षा निवेदकावर सोपवलेले बरे.

यंत्र बंद करून माप घ्यायची वेळ आली की मात्र शांततेलाही कारण असते. तेवीस इंच सहा सूत. टेपवर वाचायचे, तीन पावले चालायचे, फळीवर खूण करायची. एवढ्यात गाण्याने एखादी ओळ कानात सोडली की सहाचे चार होतात आणि फळी आखूड. हा काही कोणाचा आळस नव्हे. अमेरिकेत १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जर्मन न येणाऱ्या लोकांना जर्मन वाचन ऐकवले, तरी क्रमाने लक्षात ठेवायची अक्षरे त्यांच्या हातून निसटली. १९८९ मध्ये सलामे आणि बॅडली यांनी संगीतावर तसाच प्रयोग केला. आकड्यांची स्मृती शब्दांच्या गाण्याने जास्त बिघडली, नुसत्या वाद्यसंगीताने कमी. तेव्हा ‘मला भाषा कळत नाही, मग इंग्रजी गाणी लावली तर काय झाले’ हा युक्तिवाद टिकत नाही. माप घेताना बासरी किंवा संतूर, नाहीतर काहीच नको.

याला उलट साक्ष देणारा पुरावाही आहे. १९९४ मध्ये ॲलन आणि ब्लास्कोविच या संशोधकांनी पन्नास शल्यविशारदांना वजाबाकीची तोंडी गणिते घातली. स्वतः निवडलेले संगीत चालू असताना त्यांची कामगिरी सगळ्यांत चांगली झाली, संशोधकांनी निवडलेल्या संगीतात त्याहून कमी, आणि शांततेत सगळ्यांत वाईट. गणिते सोडवणारे डॉक्टर आणि आखणी करणारा मिस्त्री यांत फरक आहे, पण एक गोष्ट दुकानात रोज दिसते. हाताखालच्या पोराने लावलेल्या गाण्यांवर मिस्त्री कुरकुरतो, स्वतः लावलेली त्याहून कर्कश असली तरी खुशाल सहन करतो.

मग खरी गाणी ऐकायची कधी? जेव्हा हात चालतो आणि डोके मोकळे असते तेव्हा. पॉलिश पेपर मारणे हे असे काम. ऐंशी नंबर, एकशे वीस, दोनशे वीस, त्याच फळीवर तासन् तास. किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे हाताने पॉलिश, ज्यात कापडाचा बोळा लांबच लांब फिरत राहतो आणि मध्ये थांबला तर डाग पडतो. इथे विलंबित ख्यालाला जागा आहे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ ची रेकॉर्ड अशा दुपारी लावावी. कटरशेजारी लावली तर हळुवार आलाप भुशात मिसळून जातील.

हातरंधा मारताना भीमसेन जोशींची अभंगवाणी चांगली जमते, असे या लेखकाचे मत आहे. आवाजाला दम आहे, पखवाज-टाळ सरळ चालीचे आहेत, आणि शब्द पाठ असल्यामुळे चार ओळी हुकल्या तरी धागा सुटत नाही. हातकरवतीच्या बाबतीत मात्र लय जपून निवडावी. हात नकळत ठेक्याला लागतो. द्रुत गाण्यावर करवत भरभर चालते, दाते लाकडात बसत नाहीत आणि कट खुणेवरून सरकतो.

जात्यावरच्या ओवीची गोष्ट वेगळी होती. तिथे लय जात्यातून येई, बाईच्या दंडातून येई, आणि गाणे तिच्यामागून चाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून हाती घेतलेल्या संग्रहात अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या आहेत. विजेची गिरणी गावात आली आणि दळताना गायचे कारणच उरले नाही. सुताराच्या दुकानात यंत्र आले तेव्हा गाणे गेले नाही, फक्त ते दुसऱ्याच्या गळ्यातून येऊ लागले आणि मोठे झाले.

शब्द ऐकत हाताने काम करण्याची परंपरा क्युबातल्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून आहे. एक जण उंच आसनावर बसून वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचतो, बाकीचे तंबाखू वळतात. ‘माँटेक्रिस्टो’ हे सिगारचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आले ते असेच. केरळात कण्णूरकडच्या विडी कामगारांतही वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या इतर जण वळून देत. विडी वळताना आवाज होत नाही, हा त्यांचा फायदा. सुताराला ही चैन फक्त पॉलिशच्या दिवशी परवडते. त्या दिवशी कीर्तन लावावे, पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन लावावे. फक्त हातात पटाशी असताना त्यांची ‘म्हैस’ नको, हसताना हात हलतो.

कानात घालायच्या बोंड्यांबद्दल दोन शब्द. वायरच्या असतील तर ड्रिल किंवा खराद चालवताना त्या गळ्यात लोंबूच नयेत, फिरते यंत्र वायर ओढते आणि पाठोपाठ माणसाला. गोंगाट रद्द करणारे महागडे हेडफोन विमानाच्या एकसुरी घुमण्यावर चांगले चालतात, पात्याच्या किंचाळीवर त्यांचा उपाय तोकडा पडतो. कानावर घट्ट बसणारे साधे इअरमफ त्यापेक्षा भरवशाचे. आत गाणे हवेच असेल, तर आवाजावर मर्यादा घातलेले मफ मिळतात. स्पीकर भिंतीपलीकडे ठेवून चढवण्यापेक्षा हातभर अंतरावर ठेवून हळू लावला, तर पत्र्याच्या शेडमध्ये घुमणेही कमी होते.

एक लाकूडकाम मात्र असे आहे जिथे कुठलीच प्लेलिस्ट चालत नाही, आणि ते मिरजेत आहे: सतारी-तानपुरे घडवण्याचे. तुणाचे लाकूड, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे, करवत, पटाशी, कानस, इथवर सगळे चार सुतारांसारखेच. गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तोडणे, कोरणे, पॉलिश होईपर्यंत रेडिओ चालू शकतो. मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर जवारी काढायची वेळ येते, म्हणजे तिचा माथा असा घासायचा की तार झंकारेल. कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा फिरवायची. तानपुऱ्यात तारेखाली सुती दोऱ्याचा जीवा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे, जोवर तारेतून तो भरलेला झंकार उठत नाही तोवर. ते मोजायला कुठली पट्टी नाही, फक्त कान. तेवढा वेळ रेडिओ तर बंदच, शेजारच्यानेही रंधा खाली ठेवलेला बरा.