दाढी काढायची की झाकायची? इस्पितळाच्या स्वयंपाकघरातील स्वच्छतेचा प्रश्न

पाळी, कोठंबी, वेळगे या डिचोली तालुक्यातील गावांतून आजारी माणसाला घेऊन निघालेले कुटुंब प्रथम साखळी किंवा डिचोली गाठते आणि दुखणे गंभीर असेल तर थेट बांबोळीला गोमेकॉत जाते. डॉक्टर कोणते, खाट मिळाली का, औषधे बाहेरून आणावी लागतील का, याची चौकशी नातेवाईक हमखास करतात. खाटेजवळ येणारी पेज कोणत्या हातांनी शिजवली आणि वाढली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक निरोगी माणूस ज्या जंतूला दोन दिवसांत परतवून लावतो, तोच जंतू शस्त्रक्रिया झालेल्या, मधुमेहाने खंगलेल्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या रुग्णाला महागात पडू शकतो. त्यामुळे इस्पितळाच्या स्वयंपाकघराची तुलना हॉटेलच्या स्वयंपाकघराशी करता येत नाही.

या स्वयंपाकघरातील स्वच्छतेविषयी बोलताना दाढीचा वाद निघतोच. श्रावणात दाढी न करण्याचा नेम अनेक हिंदू घरांत अजून पाळला जातो. सुतकातही दाढी केली जात नाही. अय्यप्पाचे व्रत घेतलेला भक्त ४१ दिवस वस्तऱ्याला हात लावत नाही. मुसलमान आणि शीख कर्मचाऱ्यांसाठी तर दाढी हा श्रद्धेचाच भाग असतो. शिवाय हल्लीच्या तरुणांची हौस आहेच. अशा वेळी ‘उद्या दाढी काढून ये, नाहीतर येऊ नकोस’ असे पर्यवेक्षकाने फर्मावले, तर कायदा नेमके काय सांगतो?

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा आहे आणि त्याखालील परवाना व नोंदणीविषयक नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. या कायद्यात अन्नव्यवसायाची व्याख्या करताना नफ्यासाठी चालणारा आणि नफ्याविना चालणारा, सरकारी आणि खासगी, असा भेद केलेला नाही. म्हणजे सरकारी इस्पितळाचे स्वयंपाकघरही त्यातून सुटत नाही. नियमांच्या चौथ्या परिशिष्टात अन्न हाताळणाऱ्यांच्या वैयक्तिक स्वच्छतेची कलमे आहेत. स्वच्छ कपडे, एप्रन, डोके झाकणारी टोपी, कापलेली नखे, काम पुन्हा सुरू करताना प्रत्येक वेळी धुतलेले हात, वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि आतड्यांच्या रोगांविरुद्ध लसीकरण, अशा त्या अटी आहेत. त्याच परिशिष्टात हातांच्या काही घातक सवयी टाळण्यास सांगितले आहे. नाक खाजवणे, केसांतून बोटे फिरवणे, डोळे किंवा कान चोळणे यांच्या जोडीला तेथे ‘दाढी खाजवणे’ असा स्पष्ट उल्लेख आहे. दाढी राखूच नये, असे मात्र तेथे म्हटलेले नाही. कायद्याचा रोख दाढीवर नसून दाढीपर्यंत जाणाऱ्या आणि तेथून पातेल्याकडे वळणाऱ्या हातावर आहे. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार केल्यास याच कायद्याच्या ५६व्या कलमाखाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेच्या अन्नसंहितेतही डोक्याच्या जाळीबरोबर दाढीचे आवरण सांगितले आहे. क्षौराची सक्ती तेथेही नाही.

विज्ञानाचा कौल या बाबतीत एकसारखा नाही. १९६७ साली अमेरिकेत प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून झालेल्या एका अभ्यासात, दाढी साबणपाण्याने धुतल्यानंतरही तिच्यात सूक्ष्मजंतू उरतात असे आढळले होते. त्यानंतर २०१४ मध्ये अमेरिकेतीलच ४०८ पुरुष इस्पितळ कर्मचाऱ्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यात दाढीवाल्यांच्या चेहऱ्यावर अधिक घातक जंतू आढळले नाहीत. उलट ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ गुळगुळीत दाढी केलेल्यांमध्ये अधिक प्रमाणात सापडला. रोजच्या वस्तऱ्याने त्वचेवर बारीक ओरखडे उठतात आणि तेथे जंतूंना थारा मिळत असावा, असा संशोधकांचा अंदाज होता. हे अभ्यास स्वयंपाक्यांवर झालेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या आधारे दाढीला निर्दोष ठरवणे जितके घाईचे, तितकेच तिला गुन्हेगार ठरवणेही घाईचे होईल. पेजेत पडलेला केस किळसवाणा असतो आणि तो पडू नये यासाठी जाळी हवीच, पण रुग्ण आजारी पडण्याचे खरे कारण बहुधा डोळ्यांना न दिसणारे असते.

स्टॅफिलोकॉकस हा जंतू सुमारे तीस टक्के लोकांच्या नाकात कोणताही त्रास न देता राहतो. मिशी नाकपुड्यांच्या अगदी खाली असते. घाम टिपताना, मिशी सावरताना किंवा शिंक हातावर घेताना तो बोटांवर येतो आणि बोटांवरून अन्नात जातो. अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळले की त्याची वाढ होते आणि तो विष तयार करतो. पुन्हा उकळल्याने जंतू मरतो, पण हे विष उकळीला दाद देत नाही. दुपारचा भात संध्याकाळी गरम केला म्हणजे धोका टळला, ही समजूत त्यामुळेच फसवी ठरते. दाढीची जाळी हनुवटीवर आणि मिशी उघडी, असा प्रकार झाला तर जाळी असून नसल्यासारखीच. कोविडकाळात हनुवटीवर लोंबणारे मास्क सर्वांनी पाहिले आहेत, तेव्हा याचे नवल वाटू नये.

आपल्या दमट हवेत आणखी एका वस्तूकडे लक्ष द्यावे लागते, ती म्हणजे खांद्यावरचा टॉवेल. त्यानेच घाम पुसायचा, त्यालाच हात कोरडे करायचे आणि त्यानेच ताट पुसायचे. पावसाळ्यात तो धड वाळतही नाही. ट्रिम केलेल्या आणि झाकलेल्या दाढीपेक्षा हा टॉवेल कितीतरी धोकादायक आहे, पण त्यावरून कोणी कोणाला घरी पाठवल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. अंगठ्या, मनगटावरचे दोरे, केसांत माळलेली अबोली यांचेही तसेच. या वस्तू श्रद्धेच्या किंवा शोभेच्या असल्या तरी कामाच्या वेळेपुरत्या काढून ठेवता येतात. दाढी तशी काढून ठेवता येत नाही, म्हणून तिला आवरणाचा पर्याय असणे न्याय्य आहे.

स्वच्छ दिसणे आणि रोगमुक्त असणे यांतील अंतर मेरी मॅलन या स्वयंपाकिणीच्या प्रकरणाने जगाला दाखवून दिले. ती स्वतः ठणठणीत होती, परंतु तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू होते. १९०७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचा शोध लागला. पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१० मध्ये तिला सोडण्यात आले. तथापि १९१५ मध्ये ती नाव बदलून एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करताना सापडली. तेथे २५ जणांना विषमज्वर झाला होता आणि त्यांतील दोघे दगावले होते. त्यानंतर १९३८ साली मृत्यू येईपर्यंत ती एका बेटावर स्थानबद्ध राहिली. तिने अट मोडली हे खरे, पण स्वयंपाकाइतकी मजुरी देणारे दुसरे काम तिला मिळत नव्हते, हेही खरे आहे.

इंग्लंडमध्ये वेकफिल्ड येथील स्टॅन्ली रॉयड इस्पितळात ऑगस्ट १९८४ मध्ये साल्मोनेलाच्या साथीने १९ रुग्णांचा बळी घेतला. शिजवलेले मांस तासन्‌तास फ्रिजबाहेर राहिले होते. तोवर तेथील सरकारी इस्पितळांच्या स्वयंपाकघरांवर अन्नकायद्याखाली खटला भरता येत नसे. या घटनेनंतर १९८६ च्या कायद्याने ते संरक्षण काढून घेण्यात आले.

मॅलनच्या मजुरीचा मुद्दा आजही शिळा झालेला नाही. जुलाब, उलटी, कावीळ, तापासह घसादुखी किंवा हातावर पिकलेली जखम असलेल्या माणसाने अन्नाला हात लावू नये, हा नियम सर्वत्र मान्य आहे. ब्रिटनमध्ये जुलाब-उलट्या थांबल्यानंतरही ४८ तास कामावर येण्यास मनाई असते. परंतु रोजंदारीवरील कंत्राटी मदतनीसाने पोट बिघडल्याचे सांगितले आणि त्या दिवसाचा रोज बुडाला, तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. घरभाडे आणि मुलांची फी त्याला गप्प बसवते. म्हणून कंत्राट देताना टोप्या, दाढीची आवरणे आणि हातमोजे यांच्याबरोबरच आजारपणाच्या भरपगारी रजेचीही अट घालणे आवश्यक आहे. हातमोज्यांविषयीही गैरसमज आहेत. ते घातल्यावर हात धुण्याची गरज संपत नाही आणि कच्च्या मासळीला लागलेल्या मोज्याने कोशिंबीर वाढली, तर उघड्या हातापेक्षा वेगळे काही घडत नाही.

कामावर रुजू होणाऱ्या तरुणाने दाढी आखूड ठेवावी, रोज साबणाने धुवावी, आवरण डोक्याच्या टोपीबरोबर कामाला लागण्यापूर्वीच चढवावे आणि मिशीही त्याखाली घ्यावी. आवरण नीट करताना हात लागला, तर किमान २० सेकंद साबणाने हात धुवावेत. त्यासाठी चुलीपासून चार पावलांवर नळ, साबण आणि हात कोरडे करण्याची सोय असावी लागते, आणि ती करणे हे व्यवस्थापनाचे काम आहे. रुग्णासाठी घरून डबा आणणाऱ्यांनीही तो पाळीहून बांबोळीपर्यंतच्या प्रवासात कोमट होऊ न देता गरम राहणाऱ्या भांड्यात आणावा आणि रुग्णाने जेवले नाही, तर रात्रीसाठी ठेवू नये.