जोड लावणारी माणसं

जव्हारच्या दसऱ्याला कुस्त्या बघायला माणसं जमतात ती डावांसाठी. पण निम्मं काम त्याआधीच, मैदानाच्या कडेला चाललेलं असतं. लंगोट लावलेली पोरं पंचांपुढे येऊन उभी राहतात. पंच कुणाचा दंड चाचपतो, कुणाची मान बघतो, दोघांना शेजारी उभं करून खांदे जुळतात का पाहतो. वजनकाटा नाही, नजर हाच काटा. मागे उभा असलेला वस्ताद समोरचा पोरगा भारी दिसला की लगेच हात वर करतो : "जोड बरोबर नाही." मग घासाघीस. जमलं की पंच दोघांचे हात धरून त्यांना आखाड्याभोवती फिरवतो, भोंग्यावर इनाम पुकारलं जातं आणि हलगी कडाडते.

त्र्यंबक-मोखाड्याच्या रस्त्यानं आलेला परगावचा मल्ल इथं कुणाच्या भरवशावर उतरतो? वस्तादाच्या. कुठल्या तालमीचा, कुणाचा चेला, एवढं सांगितलं की ओळख पटते. कागद कुणी मागत नाही.

आश्रयदाता मात्र लागतोच. जव्हारात तो मान मुकणे राजांच्या दरबाराचा होता. १९४८ साली संस्थान विलीन झालं, दरबार गेला, कुस्त्या राहिल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तालमी पोसल्या. १९०२ च्या विलायतवारीत त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, असं कोल्हापूरकर अभिमानानं सांगतात.

ज्या रोमनांनी ते कलोसियम बांधलं, त्यांच्या अमलाखालच्या ग्रीक मल्लांचा कारभार आपल्यापेक्षा पुष्कळच कागदी होता. गावोगावच्या स्पर्धांना फिरणाऱ्या या मंडळींचा संघ होता, हेराक्लीसला कुलदैवत मानणारा. आपल्या हनुमानाच्या जागी हेराक्लीस, इतकंच. संघाला काय हवं होतं ते मार्क अँटनीच्या एका पत्रात दिसतं : सैन्यातून सूट, सार्वजनिक खर्चाच्या सक्तीतून सूट, घरात शिपाई उतरवून घेण्यातून सूट. हे सगळं मागायला अँटनीकडे गेला कोण, तर त्याचा स्वतःचाच वस्ताद, आर्तेमिदोरस. ओळखीनं काम करून घेण्याची रीत एकूण जुनीच.

पुढे सम्राट क्लॉडियसनं ब्रिटन जिंकलं तेव्हा संघानं त्याला सोन्याचा मुकुट पाठवला. इ.स. ४६ मधली त्याची पोच संघानं इतकी जपली, की दीडशे वर्षांनीसुद्धा ती सभासदांच्या दाखल्यावर उतरवली जात होती. असा एक दाखला इजिप्तमध्ये पपायरसवर सापडला आहे. हर्मोपोलिसचा मुष्टियोद्धा हर्मैनोस याला इ.स. १९४ मध्ये नेपल्सला, तिथल्या स्पर्धा चालू असताना, तो मिळाला. प्रवेश फी १०० दिनार, खाली पदाधिकाऱ्यांच्या सह्या. सह्या करणारे कारकून नव्हते, स्वतः मैदान मारलेले मल्ल होते. रोममध्ये कचेरीही होती : सम्राट हेड्रियननं इ.स. १३४ मध्ये जागा देऊ केली आणि त्याच्यामागून आलेल्या अँटोनायनस पायसनं १४३ मध्ये ती ट्राजनच्या स्नानगृहांजवळ नेमून दिली. त्यासाठी खटपट करणारा उल्पियस डोमेस्टिकस हाही पँक्रेशनचा, म्हणजे ठोसे आणि कुस्ती एकत्र असलेल्या खेळाचा, विजेता. सगळ्या मल्लांचा एक संघ आणि बड्या स्पर्धा जिंकलेल्यांचा दुसरा, असे आधी दोन संघ होते आणि मग ते एक झाले, असं अनेक अभ्यासक मानतात.

आपल्याकडे गाडी उलट्या दिशेनं गेली. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकारानं १९५३ साली कुस्तीगीर परिषद स्थापन झाली, १९६१ पासून महाराष्ट्र केसरीचा किताब सुरू झाला. पुढे संघटनेत फूट पडली आणि २०२३ च्या नोव्हेंबरात राज्याला एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. पुण्याजवळच्या फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. फुलगावच्या अंतिम कुस्तीत सिकंदरनं चितपट केलेला पैलवान हाच शिवराज होता.