159 वर्षे गप्प बसलेले बेट

भारतात जागृत ज्वालामुखी नाही, असे आजही कितीतरी शिकलेली माणसे छातीठोकपणे सांगतात. तो आहे. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, ईशान्येला साधारण 140 किलोमीटरवर अंदमानच्या समुद्रात बॅरन नावाचे निर्मनुष्य बेट आहे. हे अख्खे बेटच ज्वालामुखी आहे. रुंदी जेमतेम तीन किलोमीटर, उंची 354 मीटर. पण ही उंची पाण्यावरची झाली. डोंगराचा पाया सुमारे 2,250 मीटर खोल समुद्रतळावर आहे. तळापासून मोजला, तर 1,646 मीटरचे आपले कळसूबाई त्याच्यापुढे बरेच ठेंगणे ठरते.

चहूबाजूंनी समुद्र असताना ही आग विझत कशी नाही, असा प्रश्न हमखास येतो. इथे ‘ज्वालामुखी’ हा शब्दच आपल्याला चकवतो. हिमाचलातल्या ज्वालामुखी देवस्थानात खडकातून निघणाऱ्या ज्योती नैसर्गिक वायूच्या आहेत. तिथे ज्वाला आहे, ज्वालामुखी नाही. बॅरनवर याच्या उलट आहे. तिथे काही जळत नाही, वितळलेला खडक वर येतो. आणि तो वितळण्यामागे पाण्याचाच हात आहे. अंदमानच्या पश्चिमेला भारतीय भूपट्ट पूर्वेकडच्या भूपट्टाखाली सरकतो आणि जाताना स्वतःच्या खडकांत मुरलेले पाणी खोलवर घेऊन जातो. तिथल्या उष्णतेने आणि दाबाने ते सुटते. पाणी मिसळले की वरचा तप्त खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो, हलका होतो आणि वाट काढत वर चढतो.

म्हणूनच बॅरनची बातमी आली की वाटणारी ‘आता सह्याद्रीही जागा होईल का?’ ही भीती अनाठायी आहे. आपला काळा कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचा. तो कारखाना केव्हाच बंद पडला. सह्याद्रीखाली कोणताही भूपट्ट खचत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र ‘शांत म्हणजे मेलेला’ हा. लेखी नोंदी 1787 पासूनच्या. त्या वर्षी कोलब्रुक नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने जहाजावरून धुराचा लोट पाहिला. 1789 मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर तिथे पोचले, तेव्हाही डोंगर धुमसत होता. पोर्ट ब्लेअर हे नाव त्यांचेच. पुढे 1803-04 मध्ये उद्रेक झाला, 1832 पर्यंत हालचाल राहिली आणि मग सारे थंडावले. पाचसहा पिढ्या उलटल्या. हा ज्वालामुखी संपला, असे कुणाला वाटले असेल तर नवल नाही. आणि 1991 मध्ये तो पुन्हा उसळला, सुमारे सहा महिने उसळत राहिला. 1994-95 मध्ये पुन्हा, 2005 च्या मे महिन्यात पुन्हा. त्यानंतर तर तो फारसा स्वस्थ बसलेलाच नाही. 2025 च्या सप्टेंबरातही सौम्य उद्रेक झाला. जवळच्या समुद्रतळाच्या गाळात त्याच्या राखेचे सुमारे 70 हजार वर्षांपूर्वीपर्यंतचे थर सापडले आहेत. एवढ्या आयुष्यात 159 वर्षे म्हणजे एक डुलकी.

2005 चा उद्रेक त्सुनामीमुळे झाला, असेही म्हटले जाते. ती त्सुनामी उठवणाऱ्या 26 डिसेंबर 2004 च्या महाभूकंपानंतर पाच महिन्यांनी तो झाला, हे खरे. पण आधी आणि नंतर एवढ्यावरून कारण ठरत नाही. 1991 आणि 1994-95 च्या उद्रेकांआधी तर असा महाभूकंप झालाच नव्हता.

जवळून पाहिलेला एक प्रसंग मात्र गोव्यातल्या शास्त्रज्ञांच्या वाट्याला आला. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एक पथक 23 जानेवारी 2017 रोजी ‘सिंधु संकल्प’ जहाजावरून बॅरनजवळ गाळाचे नमुने गोळा करत असताना डोंगराने एकाएकी राख ओकायला सुरुवात केली. ते मैलभर मागे सरले आणि पाहत राहिले. पाचदहा मिनिटांचे छोटे छोटे झटके येत होते. दिवसा नुसते राखेचे ढग दिसले. सूर्य मावळल्यावर विवरातून उडणारी लाल कारंजी आणि उतारावरून ओघळणारा लाव्हा दिसू लागला. अलीकडचे बॅरनचे उद्रेक बहुधा अशाच मध्यम जातीचे आहेत.

‘बॅरन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ओसाड; पण नावावर जाऊन बेटाला तसे समजू नये. उद्रेकाच्या तडाख्याबाहेरच्या उतारांवर झाडी आहे, पक्षी आहेत, उंदीर आहेत आणि फार पूर्वी जहाजांवरून सोडलेल्या शेळ्यांचे रानटी झालेले वंशज आहेत.

आपल्याकडची पर्यटक मंडळी अंदमानहून परतल्यावर ‘ज्वालामुखी पाहिला’ म्हणतात, तेव्हा त्यांनी बहुतेकदा बारातांगचा चिखल पाहिलेला असतो. जमिनीखालच्या वायूने वर ढकललेला तो थंड चिखल आहे. त्याचा लाव्हाशी संबंध नाही. जागृत ज्वालामुखी तिथून पूर्वेला भर समुद्रात आहे आणि त्यावर पर्यटकांना उतरू देत नाहीत.