पंचाक्षरी : मुलांच्या खेळातला राक्षसमाऱ्या कसा बेतावा

सभासद मंडळी, गेल्या काही महिन्यांपासून आपल्या काही घरांतली मुले रविवारी एकत्र बसून एक खेळ खेळतात. पुष्कळ आजी-आजोबांनी मला विचारले की हे फासे घेऊन नुसते बोलत काय बसतात? म्हणून हा लेख. शिवाय मुलांनी माझ्याकडे एक हिशेबाचे काम सोपवले आहे, तेही सांगायचे आहे.

खेळ असा. एक मुलगा किंवा मुलगी सूत्रधार होते. समोर काय दिसते ते सूत्रधार सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करते ते बोलून सांगतात. जमले की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने हा प्रकार प्रसिद्ध केला. पात्रांचे वर्ग असतात: योद्धा, मांत्रिक, चोर वगैरे. प्रत्येक वर्गाची ताकद नियमांनी बांधलेली असते.

आता एका मुलाला राक्षस शोधून मारणारा वर्ग हवा होता. त्याने स्वतः लिहून आणलेला वर्ग सगळ्यांपेक्षा दुप्पट जोरात मारत होता. दोन रविवार तो एकटाच मारत राहिला आणि तिसऱ्या रविवारी बाकी चौघे फोन काढून बसले. उलट बाजूचा धोकाही तेवढाच आहे. पात्र एकाच जातीच्या राक्षसाचे तज्ज्ञ केले आणि तो राक्षस आलाच नाही, तर बिचारा तज्ज्ञ भिंतीला टेकून बसतो. मूळ खेळातल्या 'रेंजर' वर्गाने दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. १९७८ च्या नियमपुस्तकात त्याला राक्षसी जातीच्या शत्रूंवर पातळीगणिक एक गुण जास्त इजा करता येत असे. २०१४ च्या आवृत्तीत शत्रूची जात आधी निवडायची, आणि फायदा मुख्यतः माग काढण्यात व माहिती आठवण्यात. निवड चुकली की हाती काही नाही, अशी खेळणाऱ्यांची तक्रार होती.

आमचा हिशेब पाहा. योद्धा आठ बाजूंचा फासा टाकतो आणि त्यात ३ मिळवतो. फाशाची सरासरी साडेचार, म्हणून प्रत्येक वाराला साडेसात. आपल्या राक्षसमाऱ्याला सहा बाजूंचा फासा दिला, सरासरी साडेतीन, अधिक ३, म्हणजे साडेसहा. तो योद्ध्यापेक्षा कमी झाला, आणि कमीच असायला हवा. पण त्याने एक पाळी वार न करता राक्षसाचे निरीक्षण केले आणि त्याच्यावर 'खूण' केली, तर पुढच्या प्रत्येक वाराला सहा बाजूंचा आणखी एक फासा. म्हणजे वाराला दहा.

चार पाळ्यांची लढाई झाली तर योद्धा चार वेळा साडेसात, एकूण ३०. राक्षसमाऱ्या पहिल्या पाळीत शून्य, नंतर तीनदा दहा, एकूण ३०. बरोबरी. दोन पाळ्यांत लढाई आटोपली तर योद्धा १५ आणि हा १०. सहा पाळ्या चालली तर योद्धा ४५, हा ५०. नेम चुकण्याची शक्यता दोघांना सारखी धरली तर प्रमाण बदलत नाही. मोठ्या राक्षसापुढे तो खुलतो, किरकोळ टोळीपुढे मागे पडतो, कारण दर नव्या शत्रूवर पुन्हा खूण करावी लागते. शिवाय एका मोहिमेत खुणा तीनच. बँकेत ओव्हरड्राफ्टला मर्यादा घातली की माणूस विचार करून पैसे उचलतो, तसेच इथे होते. प्राणगुणही योद्ध्याला १२ तर याला ९, म्हणजे त्याला कोणाच्या तरी आडोशाने लढावे लागते.

पण नुसत्या बेरजेने खेळ रंगत नाही. राक्षस समोर नसताना हा काय करणार? त्यासाठी मी एक नियम सुचवला आणि तो मुलांना सर्वांत आवडला. पाऊल, मोडलेली फांदी, घाबरलेली म्हैस अशी काही खूण सापडली की त्याने सूत्रधाराला एक प्रश्न विचारायचा आणि सूत्रधाराने खरेच उत्तर द्यायचे. राक्षस कुठे राहतो, कशाला भितो, त्याला काय हवे आहे. यातला तिसरा प्रश्न मुले आधी विचारतच नव्हती.

आणि उत्तर असे हवे की काम दुसऱ्याच्या हातून होईल. जरासंधाची गोष्ट आठवा. चिरून टाकले तरी दोन तुकडे पुन्हा जुळत. ते उलटसुलट फेकायचे हे श्रीकृष्णाने काडी चिरून दाखवले, पण फेकायला भीमच लागला. रक्तबीजाच्या कथेत तर वार करणेच अंगाशी येते, कारण सांडलेल्या प्रत्येक थेंबातून नवा उभा राहतो. ते रक्त जमिनीवर पडू न देणारी काली हवी. कमजोरी ओळखणारा एक आणि ती वापरणारा दुसरा असला की टेबलावर कोणी रिकामा राहत नाही.

वर्गाचे नाव मुलांनी इंग्रजीतच ठेवले होते. मी म्हटले, आपल्याकडे भूत उतरवणाऱ्याला शब्द आहे, पंचाक्षरी. नाव चालले. (अंधश्रद्धा पसरवता का, असे एका काकूंनी विचारले. खेळातले भूत फासे डब्यात गेले की जाते.) मग राक्षसही आपलेच हवेत, असे ठरले. पिंपळावरचा मुंजा, म्हणजे सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. त्याला मारायचे की त्याचे राहिलेले काही पुरे करायचे, यावर मुले अर्धा तास भांडली, आणि तेही मराठीत, कारण मुंजीचे शब्द त्यांना हिंदीत सापडेनात. वाट चुकवणारा चकवा चंबळच्या बेहडात फार शोभतो. अवसेला भुतांची पालखी घेऊन निघणारा वेताळ शेवटच्या मोहिमेसाठी राखून ठेवला आहे. मितावलीचे गोलाकार चौंसष्ट योगिनी मंदिर पुष्कळ मुलांनी सहलीत पाहिलेले आहे. वेताळाची गाठ तिथेच पडेल.

अडचण एवढीच की हडळ, खवीस, झोटिंग, गिऱ्हा यांची नावे आम्हाला ठाऊक आहेत, नियम पुरते ठाऊक नाहीत. कोकणातून, देशावरून आपली घराणी इकडे आली तेव्हा या गोष्टीही बरोबर आल्या असणार. तुमच्या आजीने सांगितलेले भूत कुठे बसे, काय मागे आणि कशाने पळे, एवढे एका कागदावर लिहून रविवारी चारच्या आत मुलांकडे द्या. प्राणगुण किती द्यायचे ते मी बसवून देईन.